विल्बर श्रॅम : संज्ञापनशास्त्राचे एक आद्य अध्यापक

बोलणें सर्वांनाच येतें; म्हणून त्यामागें कांहीं शास्त्र असेल, आणि तें वर्गांत बसून शिकावें लागेल, असें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. गाणें गुरूजवळ बसून शिकावें लागतें, हिशेब शाळेंत शिकावे लागतात, स्वयंपाकहि आईच्या हाताखालीं शिकावा लागतो. परंतु एका माणसाच्या मनांतील गोष्ट दुसऱ्याच्या मनांत कशी पोंचते, वाटेंत तिचें काय होतें, ती अर्धवट पोंचली तर उणीव बोलणाराची कीं ऐकणाराची, या प्रश्नांचा कोणीं पद्धतशीर अभ्यास करावा आणि विद्यापीठानें त्यासाठीं पदवी द्यावी, ही कल्पना विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत पंडितांनाहि चमत्कारिकच वाटत होती. आज ती विद्या जगांतील अनेक विद्यापीठांत शिकविली जाते. इंग्रजींत तिला 'कम्युनिकेशन' म्हणतात. मराठींत तिच्यासाठीं 'संज्ञापन' हा शब्द रूढ झाला आहे.

ही विद्या विद्यापीठाच्या वेळापत्रकांत बसविण्याचें श्रेय ज्या थोड्या अध्यापकांना जातें, त्यांत अमेरिकेचे प्रोफेसर विल्बर श्रॅम यांचें नांव अग्रभागीं आहे. चार विद्यासंस्थांत मिळून त्यांनीं चाळीस वर्षांहून अधिक काळ अध्यापन व संशोधन केलें. आश्चर्याची गोष्ट अशी कीं, दुसऱ्यापर्यंत बोलणें कसें पोंचतें हें जगाला शिकविणारे हे गृहस्थ स्वतः अडखळत बोलत.

अमेरिकेच्या ओहायओ संस्थानांत, ओहायओ नदीच्या कांठीं, मरिएटा नांवाचें एक लहानसें शहर आहे. तेथें ५ ऑगस्ट १९०७ रोजीं श्रॅम यांचा जन्म झाला. वडील वकील होते, आणि घरांत संगीताची आवड होती. मूल पांच वर्षांचें असतांना त्याच्या घशांतील गांठींवर शस्त्रक्रिया झाली. ती नीट झाली नाहीं, आणि तेव्हांपासून त्याच्या वाणींत दोष उत्पन्न झाला. शब्द मनांत तयार असावा, ओठांपर्यंत यावा, आणि तेथेंच अडून राहावा. समोरच्या माणसानें आधीं वाट पाहावी, मग दयेनें तो शब्द आपणच पुरा करावा. ज्यांनीं असें मूल घरांत पाहिलें आहे, त्यांना या अवस्थेंतील यातना वेगळ्या सांगावयास नकोत. विल्बर अभ्यासांत हुशार निघाला. शाळा संपली तेव्हां निरोपाचें भाषण करण्याचा मान पहिल्या विद्यार्थ्याचा, म्हणजे त्याचा होता. परंतु भाषण करण्याचें धैर्य त्याला झालें नाहीं. त्यानें त्याऐवजीं सभेपुढें बासरी वाजविली. ही पाश्चात्त्य धर्तीची धातूची बासरी त्यांनीं पुढेंहि चांगल्या रीतीनें साध्य केली होती, आणि बेसबॉल या अमेरिकन खेळांतहि ते तरबेज होते. बोलण्याची गरज नसलेल्या या दोन्ही गोष्टी त्यांना प्रिय असाव्यात यांत नवल नाहीं.

मरिएटा कॉलेजांतून १९२८ सालीं त्यांनीं इतिहास व राज्यशास्त्र हे विषय घेऊन पदवी मिळविली. शिकत असतांनाच गांवच्या वृत्तपत्रांत बातम्या लिहिण्याचें काम ते करीत. लेखणी अडखळत नाहीं, हा अनुभव त्यांना तेथें आला. पुढें हार्वर्ड विद्यापीठांत १९३० सालीं एम्. ए. झाल्यावर त्यांनीं एक अनपेक्षित निर्णय घेतला. हार्वर्डसारखें नामांकित विद्यापीठ सोडून ते मध्य-पश्चिमेच्या मक्याच्या प्रदेशांतील आयोवा विद्यापीठांत गेले. याला पैशाची अडचण हें एक कारण होतें. परंतु दुसरें कारण अधिक महत्त्वाचें होतें. वाणीच्या दोषांवर शास्त्रीय उपचार करणारें त्या काळचें अमेरिकेंतील एक प्रमुख केंद्र आयोवा येथें होतें. ली एडवर्ड ट्रॅव्हिस हे त्याचे प्रमुख होते, आणि स्वतः अडखळत बोलणारे वेंडेल जॉन्सन हे तेथेंच या विषयाचे संशोधक म्हणून पुढें आले. श्रॅम तेथें अंशतः विद्यार्थी म्हणून आणि अंशतः रुग्ण म्हणून दाखल झाले. त्यांचा दोष पुष्कळ कमी झाला, परंतु समूळ कधींच गेला नाहीं. वर्गांत व्याख्यान देतांना तो त्यांच्या सोबतीला जन्मभर राहिला.

आयोवा येथें त्यांनीं लाँगफेलो या कवीच्या 'हायवाथा' या काव्यावर प्रबंध लिहून १९३२ सालीं डॉक्टरेट मिळविली. येथपर्यंतचा मार्ग वाङ्मयाच्या कोणत्याहि प्राध्यापकाचा असतो तसाच होता. परंतु त्यानंतर त्यांनीं कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेंत कांहीं काळ काम केलें. संगीताचें मानसशास्त्र हा सीशोर यांचा व्यासंग. आवाजाची उंची, जोर आणि काळ हीं यंत्रानें मोजण्याची त्यांची पद्धति होती. कविता मोठ्यानें वाचली जाते तेव्हां आवाजांत नेमकें काय घडतें, छंदशास्त्र सांगतें तें आणि कान ऐकतो तें एकच असतें काय, याचा शोध श्रॅम यांनीं तेथें घेतला, आणि १९३५ सालीं त्यावर एक पुस्तिकाहि लिहिली. वाङ्मयाच्या रसिकानें मोजपट्टी हातीं धरावी हें अनेकांना रुचलें नसेल. परंतु श्रॅम यांच्या पुढील सर्व कार्याचें बीज येथें आहे. रसिकता आणि मोजमाप यांचें वैर आहे, असें त्यांनीं कधींच मानलें नाहीं.

१९३६ सालीं आयोवा विद्यापीठांत सुप्रसिद्ध लेखन-कार्यशाळा स्थापन झाली आणि श्रॅम तिचे पहिले संचालक झाले. कथा किंवा कविता लिहून विद्यापीठाची पदवी मिळवितां यावी, हा विचार आयोवानें पूर्वींच मान्य केला होता. कार्यशाळेनें त्याला नियमित स्वरूप दिलें. येथील अध्यापनाची रीत ध्यानांत घेण्याजोगी आहे. विद्यार्थ्यानें लिहिलेला मजकूर वर्गापुढें ठेवावयाचा, आणि इतरांनीं तो आपल्याला कसा लागला तें स्पष्ट सांगावयाचें. लेखकाच्या मनांत काय होतें याला तेथें फारशी किंमत नसे. कागदावर काय उतरलें आणि वाचणाराला काय मिळालें, हा प्रश्न असे. आपली कथा आपल्याला वाटली तशी दुसऱ्याला वाटलीच नाहीं, हें चार सहाध्यायांच्या तोंडून ऐकणें सुखाचें नसतें. परंतु लेखनाचें शिक्षण तेथूनच सुरू होतें. श्रॅम स्वतःहि कथा लिहीत. शिडें लावलेली गाडी गवताळ माळरानावरून जहाजासारखी हांकणाऱ्या विंडवॅगन स्मिथची त्यांनीं लिहिलेली गमतीदार कथा १९४२ सालीं ओ. हेन्री पारितोषिकाची मानकरी ठरली, आणि १९४७ सालीं त्यांच्या अशा कथांचा संग्रह निघाला.

अशा रीतीनें वाङ्मयाचा एक लोकप्रिय अध्यापक आणि बऱ्यापैकी कथाकार म्हणून त्यांचें आयुष्य गेलें असतें. परंतु १९४१ च्या डिसेंबरांत अमेरिका महायुद्धांत उतरली आणि श्रॅम वॉशिंग्टनला सरकारी माहितीखात्यांत कामाला गेले. कवि आणि ग्रंथपाल आर्चिबाल्ड मॅक्लीश हे त्या खात्याचे प्रमुख होते. शिधावांटप, युद्धकर्जाचे रोखे, शत्रूकडून पसरविल्या जाणाऱ्या अफवा, अशा शेंकडों गोष्टी कोट्यवधि लोकांना समजतील अशा रीतीनें सांगावयाच्या होत्या. छापील पत्रकें आणि नभोवाणीवरील भाषणें यांचा पाऊस पडत होता; प्रश्न असा होता कीं, त्या पावसाचें पाणी मुरतें किती आणि वाहून जातें किती? मानसशास्त्रज्ञ, समाजशास्त्रज्ञ, वृत्तपत्रकार आणि लेखक हे एरव्हीं एकमेकांच्या वाटेला न जाणारे लोक तेथें एका टेबलाभोंवतीं बसत. या सर्वांचा विषय वस्तुतः एकच आहे, ही जाणीव श्रॅम यांना तेथें झाली. विद्यापीठांत मात्र त्या विषयाला घर नव्हतें. त्याचे तुकडे निरनिराळ्या खोल्यांत विखुरले होते.

१९४३ सालीं ते आयोवाला परत आले ते वृत्तपत्रविद्येच्या शाखेचे संचालक म्हणून. त्या काळीं वृत्तपत्रविद्या म्हणजे बातमी लिहिणें, मथळा देणें, मुद्रितें तपासणें यांचें व्यवसायशिक्षण, असा समज होता. श्रॅम यांनीं तिच्या शेजारीं सामाजिक शास्त्रांवर आधारलेला, डॉक्टरेटपर्यंत जाणारा जनसंज्ञापनाचा अभ्यासक्रम आंखला. बातमी लिहावी कशी हें तर शिकवावेंच. परंतु ती कोण वाचतो, कोण अर्ध्यांत टाकतो, आणि वाचून त्याच्या मतांत काय फरक पडतो, हेंहि शोधावें, असें त्यांचें म्हणणें होतें. १९४७ सालीं इलिनॉय विद्यापीठानें त्यांना बोलाविलें. तेथें त्यांनीं संज्ञापन-संशोधनाची स्वतंत्र संस्था उभारली आणि विद्यापीठाच्या प्रकाशनखात्याचीहि धुरा वाहिली. क्लॉड शॅनन व वॉरन वीव्हर यांचा, संदेशवहनाचें गणित मांडणारा युगप्रवर्तक ग्रंथ १९४९ सालीं याच प्रकाशनखात्यानें काढला. तारयंत्र आणि टेलिफोन यांच्यासाठीं मांडलेलें हें गणित माणसांच्या बोलण्याला कितपत लागू पडतें, याचा विचार करण्याची संधि त्यामुळें श्रॅम यांना घरबसल्या मिळाली.

त्यांनीं वर्गांत काय शिकविलें, हें आतां थोडक्यांत पाहूं. 'कम्युनिकेशन' या शब्दाच्या मुळाशीं असलेल्या लॅटिन शब्दाचा अर्थ 'सामाईक' असा आहे, याकडे ते विद्यार्थ्यांचें लक्ष वेधीत. बोलणें म्हणजे एका भांड्यांतील पाणी दुसऱ्यांत ओतणें नव्हे. दोघांत कांहीं सामाईक करणें होय. बोलणाऱ्याच्या अनुभवाचें एक वर्तुळ असतें आणि ऐकणाऱ्याचें दुसरें. ही दोन वर्तुळें जेथें एकमेकांवर येतात तेवढ्याच जागेंत अर्थ पोंचूं शकतो. ज्यानें समुद्र पाहिलेला नाहीं त्याला लाटेची उपमा देऊन काय उपयोग? वर्तुळें मुळींच जुळत नसतील तर शब्द कितीहि सुंदर असले तरी व्यर्थ. आपल्याकडे अशा वेळीं 'पालथ्या घड्यावर पाणी' असें म्हणून आपण ऐकणाराला दोष देतों. श्रॅम यांची शिकवण अशी होती कीं, घडा पालथा आहे हें ओतण्यापूर्वीं पाहणें, हें ओतणाऱ्याचें काम आहे.

दुसरी गोष्ट प्रतिसादाची. ऐकणारा केवळ ऐकत नसतो. तो मान हालवितो, कपाळाला आठी घालतो, जांभई देतो. म्हणजेच तोहि त्या क्षणीं बोलतच असतो, आणि पहिला बोलणारा तें 'ऐकून' आपलें पुढील वाक्य बदलतो. संज्ञापन ही एकमार्गी सरळ रेषा नसून अखंड फिरणारें चक्र आहे, असें चित्र त्यांनीं १९५४ च्या आपल्या ग्रंथांत काढलें. चार्ल्स ऑसगुड या त्यांच्या इलिनॉयमधील सहकाऱ्याच्या विचारांचा त्याला आधार होता. आपल्या कीर्तनकारांना ही गोष्ट शास्त्राशिवाय ठाऊक असते. मंडळी पेंगूं लागली कीं बुवा आख्यान आवरतें घेऊन पद सुरू करतात. परंतु नभोवाणीवरील वक्त्यापुढें श्रोत्यांचे चेहरे नसतात. वृत्तपत्राच्या संपादकापुढें वाचक नसतो. ज्यांना चेहरे दिसत नाहींत त्यांनीं श्रोत्यांचा अभ्यास दुसऱ्या मार्गानें केला पाहिजे, आणि संशोधनाची आवश्यकता तेथेंच उत्पन्न होते.

तिसरी शिकवण एका साध्या अपूर्णांकाच्या रूपानें ते मांडीत. माणूस अमुक मजकूर वाचतो आणि तमुक टाकतो, तें कां? त्यापासून काय मिळेल अशी अपेक्षा, हा अंश. तें मिळविण्यास किती श्रम पडतील, हा छेद. अंश वाढला किंवा छेद घटला कीं निवड होण्याचा संभव वाढतो. दारांत पडणारें वर्तमानपत्र माणूस रोज चाळतो, आणि दोन मैलांवरच्या ग्रंथालयांतील उत्तम ग्रंथ वर्षानुवर्षें तसाच राहतो, याचें कारण नुसती अभिरुचि नव्हे. छेद मोठा आहे. लोक चांगलें वाचीत नाहींत अशी तक्रार करणाऱ्यांनीं चांगलें वाचन सुलभ करण्यासाठीं काय केलें, असा प्रश्न या अपूर्णांकांतून निघतो. अध्यापकाला तर तो रोजच लागू आहे. पाठ कठीण असेल तर त्यापासून मिळणारा लाभ तरी विद्यार्थ्याला आधीं दिसला पाहिजे.

या वातावरणांत तयार झालेल्या शिष्यांनीं पुढें नांव कमावलें. विल्सन टेलर यांनीं १९५३ सालीं मजकुराची सुबोधता मोजण्याची एक युक्ति काढली. उताऱ्यांतील ठराविक अंतरानें येणारे शब्द गाळावयाचे आणि वाचकाला ते भरावयास सांगावयाचे. जितके अधिक शब्द बरोबर भरले जातील तितका तो मजकूर त्या वाचकाला सुबोध. आज भाषाशिक्षणाच्या असंख्य परीक्षांत रिकाम्या जागा भरण्याचा जो प्रकार दिसतो, त्यांतील एका महत्त्वाच्या पद्धतीचा उगम हा आहे. डेव्हिड बर्लो हे दुसरे शिष्य. त्यांच्या १९६० च्या पुस्तकांतील 'प्रेषक, संदेश, माध्यम, ग्राहक' हा चौपदरी आराखडा संज्ञापनाच्या विद्यार्थ्यांना आजहि शिकावा लागतो.

१९५५ सालीं श्रॅम कॅलिफोर्नियांतील स्टॅनफर्ड विद्यापीठांत गेले, आणि १९७३ पर्यंत तेथें होते. त्या दिवसांत अमेरिकेच्या घरोघरीं टेलिव्हिजन आला होता आणि आईबापांची एकच ओरड होती कीं, या यंत्रानें मुलें बिघडतील. व्यासपीठावरून तावातावानें बोलणारे दोन्ही बाजूंस पुष्कळ होते. मोजून पाहणारे थोडे. श्रॅम यांनीं जॅक लाइल व एडविन पार्कर यांच्यासह अमेरिका व कॅनडा येथील दहा ठिकाणच्या सुमारें सहा हजार मुलांची पाहणी केली. कॅनडांतील दोन गांवें तर अशीं निवडलीं कीं, एकांत टेलिव्हिजन पोंचला होता आणि दुसऱ्यांत नव्हता. १९६१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा निष्कर्ष ना भिववणारा होता, ना निष्काळजी करणारा. कांहीं मुलांना, कांहीं परिस्थितींत, कांहीं कार्यक्रम अपायकारक ठरतात. त्याच परिस्थितींत दुसऱ्या मुलांना ते हितकारकहि ठरूं शकतात. आणि बहुतेक मुलांना बहुधा फारसा अपायहि होत नाहीं व फायदाहि. टेलिव्हिजन मुलांचें काय करतो यापेक्षां मुलें टेलिव्हिजनचें काय करतात, हें पाहणें अधिक उपयोगाचें. कारण ज्या मुलाला घरीं माया आणि मित्रांत जागा आहे तें त्या पडद्याकडे एका भुकेनें वळतें, आणि एकाकी मूल दुसऱ्या. ज्या आईबापांना 'होय' किंवा 'नाहीं' एवढेंच उत्तर हवें होतें त्यांची यानें निराशा झाली असेल. परंतु उत्तराचा मोठा भाग यंत्रांत नसून घरांतच आहे, हें सांगण्याचा प्रामाणिकपणा त्यांत होता.

या नव्या शास्त्राला विरोधकहि भेटले. १९५९ सालीं बर्नार्ड बेरल्सन या मान्यवर संशोधकानें असें लिहिलें कीं, संज्ञापनाच्या संशोधनाचा बहर ओसरला आहे. मोठीं माणसें निघून गेलीं आणि नवीन कल्पना दिसत नाहींत. त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकांत श्रॅम यांनीं त्याला उत्तर दिलें. त्यांची भूमिका अशी कीं, ही विद्या म्हणजे तटबंदी असलेलें स्वतंत्र राज्य नव्हे; अनेक वाटा जेथें मिळतात असा तो चौरस्ता आहे. मानसशास्त्रज्ञ, राज्यशास्त्रज्ञ, भाषाशास्त्रज्ञ येतात, कांहीं काळ थांबतात, आणि पुढें जातात. येणारे-जाणारे आहेत तोंवर चौरस्ता ओस पडला असें कसें म्हणावें? त्यांच्या स्वतःच्या आयुष्याकडे पाहिलें तर हें उत्तर त्यांना सहज सुचलें असावें.

महाराष्ट्राचा आणि श्रॅम यांच्या कार्याचा संबंध येतो तो नभोवाणीच्या निमित्तानें. १९५६ सालीं पुणें नभोवाणी केंद्रानें युनेस्कोच्या साह्यानें त्या वेळच्या मुंबई राज्यांतील पांच मराठी जिल्ह्यांच्या सुमारें दीडशें खेड्यांत एक प्रयोग केला. प्रत्येक गांवीं सुमारें वीस जणांचें मंडळ. आठवड्यांतून दोनदां अर्ध्या तासाचा मराठी कार्यक्रम त्यांनीं एकत्र बसून ऐकावयाचा, ऐकल्यावर त्यावर चर्चा करावयाची, शंका केंद्राकडे पाठवावयाच्या, आणि पटेल तें गांवांत करून पाहावयाचें. असे वीस कार्यक्रम झाले. शेती, आरोग्य, साक्षरता, गांवचा कारभार हे त्यांचे विषय. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेंत त्या वेळीं असलेले पॉल न्यूरथ यांनीं या प्रयोगाची पाहणी केली, तेव्हां असें आढळलें कीं, ज्या गांवीं नुसता रेडिओ होता त्यांपेक्षां जेथें मंडळ होतें त्या गांवांतील लोकांचें ज्ञान ठळकपणें वाढलें. ऐकण्यापेक्षां ऐकून बोलण्यानें अधिक लाभ झाला. पाटी-पेन्सिल न धरलेल्या शेतकऱ्यांनींहि चर्चेंत हिरीरीनें भाग घेतला.

श्रॅम वर्गांत फळ्यावर जें चक्र काढीत, तें येथें चावडीवर फिरतांना दिसलें. युनेस्कोसाठीं लिहिलेल्या १९६४ च्या राष्ट्रविकासावरील आपल्या सुप्रसिद्ध ग्रंथांत त्यांनीं भारतांतील या ग्रामीण श्रवणमंडळांना महत्त्वाचें स्थान दिलें. आणि मंडळांच्या दहा वर्षांच्या वाटचालीचा जो आढावा १९६७ सालीं पॅरिसहून प्रसिद्ध झाला, त्यांतहि त्यांचा हात होता. तत्पूर्वीं भारत सरकारला सल्ला देण्यासाठीं फोर्ड फाउंडेशनमार्फत आलेल्या तज्ज्ञमंडळांत ते होते. अशा शिक्षणासाठीं देशांत राष्ट्रीय संस्था हवी, अशी त्या मंडळाची शिफारस होती. आणि १७ ऑगस्ट १९६५ रोजीं दिल्लीस भारतीय जनसंज्ञापन संस्थेचें उद्घाटन झालें.

तथापि श्रॅम यांच्या कार्यावर घेतले गेलेले आक्षेप दृष्टीआड करून चालणार नाहीं. त्यांच्या संशोधनाचा कांहीं भाग सरकारी आणि लष्करी पैशावर चालला. १९५० सालीं उत्तर कोरियाच्या सैन्यानें सेऊल शहर घेतलें, त्या हकीकतींवर जॉन रायली यांच्यासह लिहिलेलें १९५१ चें त्यांचें पुस्तक अमेरिकन हवाई दलाच्या कामांतून निघालें, आणि त्यांत प्रचाराचा रंग गडद आहे. ज्ञानाची मोजपट्टी राजसत्तेच्या हातीं गेली तर ती श्रोत्याचें हित मोजते कीं सत्तेची सोय, हा प्रश्न त्यांच्या चरित्रांतून टाळतां येत नाहीं. दुसरा आक्षेप विकासाविषयींचा. रेडिओ, वृत्तपत्रें आणि टेलिव्हिजन वाढलीं कीं गरीब राष्ट्रांची प्रगति वेगानें होईल, ही १९६४ ची आशा पुरती फळली नाहीं. माहिती पोंचली तरी ज्याच्याजवळ जमीन नाहीं, पाणी नाहीं, भांडवल नाहीं, त्यानें तिचें काय करावें? लॅटिन अमेरिकेंतील आणि आशियांतील अनेक अभ्यासकांनीं हा प्रश्न विचारला. हवाई बेटांतील होनोलुलू येथें १९७५ सालीं या विषयाच्या अभ्यासकांची परिषद झाली, आणि तींतील निबंध पुढच्या वर्षीं श्रॅम व डॅनियल लर्नर यांनीं ग्रंथरूपानें संपादित केले. पहिल्या आशांची फेरतपासणी त्यांत उघडपणें केलेली आहे. शिष्यांनीं आणि टीकाकारांनीं दिलेला प्रतिसाद घेऊन स्वतःचें म्हणणें बदलणें, हा त्यांच्याच सिद्धांताचा आचार होता.

स्टॅनफर्डमधून निवृत्त झाल्यावर ते होनोलुलूच्या ईस्ट-वेस्ट सेंटर या संस्थेंत संज्ञापन-विभागाचे प्रमुख झाले. आशियांतील तरुण अभ्यासकांशीं त्यांचा निकट संबंध आला तो येथें. २७ डिसेंबर १९८७ रोजीं, वयाच्या ऐंशीव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें. गुहेंतील चित्रांपासून संगणकापर्यंतचा मानवी संज्ञापनाचा इतिहास त्यांनीं लिहून ठेवला होता. तो पुढच्या वर्षीं प्रसिद्ध झाला.

श्रॅम यांनीं इंटरनेटचें युग पाहिलें नाहीं. आज प्रत्येकाच्या खिशांत असें यंत्र आहे कीं, त्यावरून बोललेलें क्षणांत पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला जातें, आणि प्रतिसादहि क्षणांत येतो. त्यांच्या अपूर्णांकांतील छेद आज शून्याजवळ येऊन ठेपला आहे. निवडण्यास कांहींच श्रम पडत नाहींत. चक्र पूर्वीं कधीं नव्हें इतक्या वेगानें फिरत आहे. परंतु अनुभवाचीं तीं दोन वर्तुळें मात्र यंत्रानें जवळ येत नाहींत. एकाच घरांत आजोबा आणि नातू शेजारीं बसून आपापल्या यंत्रांत पाहात असतात, आणि दोघांना सामाईक असें फार थोडें उरतें. तें सामाईक क्षेत्र वाढविण्याचा उपाय जुनाच आहे. आपण बोलण्याआधीं समोरच्यानें काय पाहिलें आहे, काय सोसलें आहे, त्याला काय हवें आहे, याची चौकशी करावयाची, आणि त्याचा शब्द अडला तर तो घाईनें पुरा न करतां वाट पाहावयाची. शब्द अडणें म्हणजे काय हें ज्यांना लहानपणापासून ठाऊक होतें, अशा एका अध्यापकानें ही गोष्ट शास्त्र म्हणून मांडली, यांत तिचें वजन आहे.